किल्लारीचा अपुरा हिशेब

छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक हे मराठवाड्याच्या मागण्यांचे व्यासपीठ आहे. १८५७ च्या उठावात प्राण गमावलेल्या शिपायांची आठवण सांगणारा काळा चबुतरा येथेच आहे आणि ९ ऑगस्ट २०१६ रोजी निघालेल्या पहिल्या मराठा क्रांती मोर्चाची सुरुवातही येथूनच झाली. पाणी, रेल्वे, अनुशेष, पीकविमा, वेतनश्रेणी अशा नाना प्रश्नांवर शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी आणि शेतकरी येथे जमतात आणि विभागीय आयुक्तांच्या कचेरीकडे चालू लागतात. मागणी मांडण्याची ही परंपरा अभिमानास्पदच आहे. परंतु मागणी मान्य झाल्यावर, पैसा मंजूर होऊन खर्च झाल्यावर, त्या खर्चातून नेमके काय उभे राहिले हे विचारण्यासाठी या चौकात सहसा कोणी जमत नाही.

मराठवाड्यात एका उद्दिष्टासाठी झालेल्या फार मोठ्या सार्वजनिक खर्चांपैकी एक म्हणजे १९९३ च्या भूकंपानंतरचे पुनर्वसन. जागतिक बँकेने त्यासाठी १९९४ मध्ये सुमारे २४.६ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि राज्य सरकारचा वाटा धरून एकूण कार्यक्रम त्या काळच्या हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. किती घरे बांधली, किती सिमेंट लागले, किती किलोमीटर रस्ते झाले, याची कोष्टके केव्हाच पूर्ण होऊन फायलींत बंद झाली. पण पुनर्वसन हा केवळ बांधकामाचा विषय नाही. मोडलेला संसार आणि मोडलेले अर्थकारण पुन्हा उभे करण्याचा तो विषय आहे, आणि त्या दृष्टीने किल्लारीचा हिशेब अद्याप अपुरा आहे. तो पुरा करणे अगत्याचे आहे, कारण त्यात गतकाळाच्या समीक्षेइतकाच उद्याच्या सुरक्षिततेचाही प्रश्न गुंतला आहे.

त्या पहाटे काय कोसळले?

मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगावी लागत नाही. परंतु आज महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. म्हणून थोडी उजळणी आवश्यक आहे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी तेरणेच्या खोऱ्यात भूकंपाचा धक्का बसला. लातूर जिल्ह्यातील औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांतील किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, राजेगाव, होळी, पेठसांगवी अशी गावे काही क्षणांत मातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. सरकारी मोजणीप्रमाणे मृतांची संख्या आठ हजारांच्या आसपास होती.

या भूकंपाचे परिमाण ६.२ होते. जगातील भूकंपांच्या मानाने ते मध्यमच म्हणावे लागेल. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चिली देशात ८.८ परिमाणाचा भूकंप झाला. त्यात सुमारे सव्वापाचशे माणसे दगावली. त्याच वर्षी १२ जानेवारीला हैती या देशात ७.० परिमाणाचा भूकंप झाला, आणि मृतांचे बहुतेक अंदाज लाखाच्या घरात किंवा त्याही पुढे जातात. चिलीच्या भूकंपात मुक्त झालेली ऊर्जा हैतीच्या सुमारे पाचशे पट होती. केंद्रबिंदू शहरापासून किती अंतरावर व किती खोल होता याचा परिणाम असतोच. पण चिलीने १९६० च्या महाभूकंपानंतर बांधकामाचे नियम कडक केले आणि ते पाळले, हैतीत असे नियम व्यवहारात जवळपास नव्हतेच, ही गोष्ट निर्णायक ठरली. भूकंप निसर्गाचा असतो. त्यातील मृत्यूची संख्या बहुतांशी समाजाच्या व्यवस्थेने ठरते.

किल्लारीत ती संख्या भिंतींनी ठरविली. या भागातील घर म्हणजे दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, आणि वर मातीचे सपाट छत, म्हणजेच माळवद. भिंत बाहेरून भक्कम दिसे. पण तिची आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी रचलेली असे, मध्ये लहान दगड व माती भरलेली असे आणि दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड क्वचितच घातलेले असत. माळवद गळू लागले की दर काही वर्षांनी वर मातीचा नवा थर पडे. त्यामुळे छत पिढीगणिक जड होत जाई. धक्क्यासरशी भिंतीची दोन्ही अंगे फुगून सुटली आणि दगड-माती झोपलेल्या माणसांवर आली. कित्येक घरांत लाकडी सांगाडा उभाच राहिला आणि भोवतालच्या भिंती तेवढ्या ढासळल्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अशी घरे बांधणारे लोक अडाणी होते, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. शिवारातला दगड जवळपास फुकट, माती फुकट, श्रम घरचे, आणि उन्हाळ्यात आत गारवा: उत्पन्न पावसावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा सर्वांत शहाणपणाचा हिशेब होता. त्या काळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात तर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात दाखविलेला होता. १९९२ च्या अखेरीस किल्लारीला वारंवार लहान धक्के बसले आणि गावकरी धास्तावले. तरीही घरे सावरण्याचा कोणताही कार्यक्रम हाती घेतला गेला नाही. जे शास्त्राच्या नकाशाला दिसले नाही, ते गावच्या गवंड्याला दिसावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

एकाच कार्यक्रमात दोन वाटा

आपत्तीनंतर समाज धावून आला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. देशभरातून अन्न, कपडे, औषधे आली. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. अनेक संस्था, उद्योगसमूह आणि वृत्तपत्रांच्या निधींनी एकेक गाव बांधून देण्याचे पत्करले. पाठोपाठ राज्य सरकारने पुनर्वसनाचा व्यापक कार्यक्रम आखला आणि हानीच्या प्रमाणानुसार गावांची विभागणी केली. सर्वांत अधिक उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी वसवायची; काही गावे जुन्याच ठिकाणी पुन्हा बांधायची; आणि जेथे घरांना तडे गेले पण गाव उभे आहे, अशा सुमारे अडीच हजार गावांतील दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि बळकटी करायची.

वरवर पाहता हे हानीचे वर्गीकरण होते. प्रत्यक्षात त्यातून दोन भिन्न पद्धती निर्माण झाल्या. स्थलांतरित गावांत घर कोणीतरी बांधून देत होते आणि कुटुंबाने ते स्वीकारायचे होते. दुरुस्तीच्या गावांत मदत कुटुंबाच्या हाती येत होती आणि घराचा निर्णय कुटुंबाला घ्यायचा होता. एकाच प्रदेशात, एकाच काळात, एकाच सरकारने या दोन्ही पद्धती राबविल्या. सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकाला अशी तुलना क्वचितच मिळते.

बांधून दिलेले गाव

स्थलांतराचा निर्णय लोकांवर सर्वस्वी लादला गेला, असे म्हणता येत नाही. ज्या ढिगाऱ्याखालून आपल्या माणसांची प्रेते काढली, तेथे पुन्हा राहण्यास कित्येकांचे मन तयार नव्हते. दगडाचीच भीती बसली होती; काँक्रीटखेरीज दुसरे काही नको, अशी भावना होती. शिवाय पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात लोक उन्हात भाजत होते आणि सरकारला वेग दाखवणे भाग होते. पंचवीस हजारांहून अधिक कुटुंबांसाठी पक्की घरे काही वर्षांत उभी करणे हे प्रशासनाचे लहान यश नव्हे. ती घरे जुन्या घरांपेक्षा सुरक्षित आहेत, हेही निःसंशय.

तथापि ज्या तत्त्वावर या घरांचे वाटप झाले, ते तपासण्याजोगे आहे. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्याला ७५० चौरस फूट असे घर मिळाले. म्हणजे घराचा आकार कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरला नाही. तो सातबाऱ्यावर ठरला. नऊ माणसांचे भूमिहीन कुटुंब अडीचशे चौरस फुटांत, म्हणजे साधारण सोळा फूट लांब व साडेपंधरा फूट रुंद एवढ्या जागेत, आणि चार माणसांचे जमीनदार कुटुंब त्याच्या तिप्पट जागेत. मोठ्या शेतकऱ्याला धान्य, अवजारे आणि जनावरे यांसाठी जागा अधिक लागते, हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण सार्वजनिक पैशाने पूर्वीची विषमता मोजून पुन्हा सिमेंटमध्ये ओतावी, हे कोणत्या न्यायात बसते?

जुन्या गावठाणात आळ्या जातीच्या होत्या, भावकीच्या होत्या. त्या भिंती पडल्या याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु नव्या गावात आकारानुसार घरांच्या ओळी लागल्या आणि जातीच्या आळीच्या जागी बऱ्याच गावांत जमिनीच्या मापाची आळी आली. शेजार मोडला तो निराळाच. शेजार ही गावात भावनेइतकीच आर्थिक गोष्ट असते. पेरणीला बैल, अडीअडचणीला पायली-दोन पायली ज्वारी, मजुरीला जाताना लेकरू सांभाळायला म्हातारी, हे सर्व व्यवहार हाकेच्या अंतरावर चालत असतात. त्यांची नोंद कोठल्याही राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. ते थांबले की मात्र गरिबाचा खर्च वाढतो.

लांबलेल्या गल्लीचे अर्थशास्त्र

नव्या गावांचे आराखडे शहरी वसाहतीच्या धर्तीवर झाले. रुंद सरळ रस्ते, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा, शाळा, समाजमंदिर, दवाखाना यांसाठी राखीव भूखंड. कागदावर हे मनोहर दिसते. पण एक साधे गणित करून पाहावे. समजा, गावात दोनशे घरे आहेत आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना घरे आहेत. जुन्या गावात एका घराची दर्शनी रुंदी वीस फूट धरली, तर शंभर घरांच्या एका बाजूला दोन हजार फूट गल्ली पुरे. नव्या भूखंडाची रुंदी साठ फूट धरली, तर तीच गल्ली सहा हजार फूट होते. रस्ता तिप्पट, नळाची वाहिनी तिप्पट, गटार तिप्पट, विजेचे खांब तिप्पट. ते सर्व एकदा बांधून देण्यास कर्ज आणि देणग्या होत्या. त्यानंतर दरवर्षी दुरुस्ती करायची ती ग्रामपंचायतीने. आणि घरपट्टी देणारी घरे मात्र तेवढीच, दोनशे.

भांडवली खर्च करताना आवर्ती खर्चाची तरतूद न करणे हा आपल्या नियोजनाचा जुना दोष आहे. धरण बांधायचे आणि चाऱ्या बुजू द्यायच्या, दवाखाना बांधायचा आणि डॉक्टर नेमायचा नाही, हे मराठवाड्याला नवे नाही. स्थलांतरित गावांत तोच दोष गावाच्या आराखड्यातच बांधला गेला.

दुसरा प्रश्न पैशाच्या प्रवाहाचा. अर्थशास्त्राचा विद्यार्थी गुणकाची कल्पना शिकतो: एक रुपया खर्च झाला की तो हातोहात फिरून त्या भागात एकाहून अधिक रुपयांचे उत्पन्न निर्माण करतो. पण त्यासाठी तो रुपया त्या भागात फिरावा लागतो. बांधून दिलेल्या घरांत सिमेंट, पोलाद आणि कंत्राटदार बहुधा बाहेरून आले आणि रुपयाही त्यांच्याबरोबर बाहेर गेला. गावचा गवंडी, सुतार आणि दगड घडविणारा वडार आपल्याच गावाच्या उभारणीत बिगारी झाला किंवा बघ्या राहिला. काँक्रीटची पद्धत त्याला शिकविण्यात वेळ गेला असता हे खरे. पण कंत्राटदार निघून गेल्यावर नव्या घराला खोली जोडायची वेळ आली, तेव्हा तोच गवंडी लोकांना बोलवावा लागला. अनेक ठिकाणी पक्क्या घराला लागून पडलेल्या घरांच्या दगडांची आणि जुन्या लाकडांची भर घातली गेली, तीही भूकंपाचा कोणताच विचार न करता. आतले घर सुरक्षित आणि माणसे झोपतात ती पडवी असुरक्षित, अशी विसंगती त्यातून जन्मली. एका गावी तर घुमटाकार घरे बांधून देण्यात आली. गोल भिंतीला कपाट लागत नाही आणि खोली जोडता येत नाही, हे गावातल्या कोणत्याही गृहिणीने आधीच सांगितले असते.

विचारून उभे केलेले घर

दुरुस्तीच्या गावांतील अनुभव निराळा आहे. येथे मदत टप्प्याटप्प्याने मिळे आणि काम कुटुंबाने करवून घ्यायचे असे. आरंभी ही योजना रेंगाळली. लोकांना बळकटीकरण म्हणजे काय ते समजत नव्हते आणि अभियंत्यांना लोकांशी बोलण्याची सवय नव्हती. ही कोंडी फोडली ती स्त्रियांनी. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतील स्त्रियांची ‘संवाद सहायक’ म्हणून नेमणूक झाली. हप्ता केव्हा मिळतो, सिमेंटला पाणी किती दिवस मारायचे, कोपऱ्यात सळई का हवी, गवंडी फसवतो ते कसे ओळखायचे, हे त्या घरोघर सांगत आणि घरोघरची गाऱ्हाणी तालुक्याच्या कचेरीत नेत. ज्या बाईने आजवर चावडीची पायरी चढली नव्हती, ती कनिष्ठ अभियंत्याला मोजमापाचा जाब विचारू लागली. पुनर्वसनातून निर्माण झालेली ही संपत्ती कोणत्याही कोष्टकात नोंदलेली नाही. पण १९९८ नंतर कार्यक्रम आवरता घेतला गेल्यावरही ती टिकली. याच स्त्रिया पुढे बचतगटांत, आरोग्याच्या कामात आणि लहान व्यवसायांत दिसू लागल्या, आणि २००१ मध्ये कच्छच्या भूकंपग्रस्त स्त्रियांना आपला अनुभव सांगण्यासाठी गुजरातेत गेल्या.

या वाटेचेही अपयश सांगितले पाहिजे. बळकटीकरणाचे तंत्र सोपे आणि स्वस्त होते. माळवदावरचा जादा मातीचा भार उतरवायचा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून सळई घालून ती काँक्रीटने भरायची, म्हणजे भिंतीची दोन्ही अंगे एकमेकांना धरून राहतात. दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा पट्टा घालायचा. खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपा आधार द्यायचा. परंतु बहुसंख्य कुटुंबांनी मिळालेल्या पैशातून जुन्या घराशेजारी सिमेंटची एक नवी खोली बांधली आणि दगडी घर होते तसेच ठेवले. त्यांच्या दृष्टीने हे स्वाभाविक होते. दगडावरचा विश्वास उडाला होता आणि सरकारनेच शेजारच्या गावांत काँक्रीट हाच उत्तम मार्ग असल्याचे दाखवून दिले होते. परिणाम असा, की जुनी घरे सावरण्याची विद्या कागदावर तयार झाली, पण गवंड्यांच्या हातात रुजली नाही.

कच्छ आणि नेपाळ

२६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत ७.७ परिमाणाचा भूकंप होऊन तेरा हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. किल्लारीचा अनुभव तेथील नियोजकांपुढे होता. गावे हलविण्याची कल्पना तेथेही निघाली. बहुसंख्य गावांनी ती नाकारली. तेव्हा सरकारने घरमालकाच्या बँकखात्यात हप्त्याने पैसे जमा करण्याची, दर हप्त्यापूर्वी अभियंत्याने काम तपासण्याची आणि गवंड्यांना शिकविण्याची पद्धत मुख्यतः अवलंबिली. दोन लाखांच्या आसपास घरे अशी नव्याने उभी राहिली. किल्लारीच्या दुसऱ्या वाटेचा हा विस्तारच होता.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाने नेपाळपुढे तर सबंध देश उभारण्याचा प्रश्न टाकला. सुमारे नऊ हजार मृत्यू आणि पाच लाखांच्या घरात उद्ध्वस्त घरे. पैशाची आश्वासने लवकर मिळाली. पण पुनर्निर्माण प्राधिकरण प्रत्यक्षात स्थापन होण्यास राजकीय वादांमुळे डिसेंबर उजाडला आणि लोकांनी डोंगरातला एक पावसाळा व एक हिवाळा ताडपत्रीखाली काढला. पुढे प्रत्येक कुटुंबाला तीन हप्त्यांत तीन लाख नेपाळी रुपये मिळाले. त्यातून घरे सुरक्षित झाली, पण रक्कम अपुरी असल्याने अनेकांनी हप्ता पदरात पाडून घेण्यापुरते एका खोलीचे घर बांधले. हैतीत याहून बिकट घडले. परदेशी मदतीचा फार थोडा भाग तेथील सरकारच्या हातून खर्च झाला. बाकीचा परकी संस्था व कंत्राटदार यांच्याकडून गेला. ते निघून गेल्यावर देशाचे स्वतःचे शासन पूर्वीइतकेच दुबळे राहिले.

या सर्वांतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. पैसा आवश्यक असतो, पण तो कोणाच्या निर्णयाने खर्च होतो यावर पुनर्वसनाचे आयुष्य ठरते. ज्याला त्या घरात जन्म काढायचा आहे त्याच्या हाती निर्णय, ज्याला विद्या आहे त्याच्याकडे तपासणी, आणि शासनाकडे साधने व न्याय, अशी विभागणी जेथे झाली तेथे घरे टिकली आणि माणसेही उभी राहिली.

येथे एक आक्षेप संभवतो. घरमालकावर काम सोपविणे म्हणजे सरकारने अंग काढून घेणे नव्हे काय? ज्याच्याकडे जमीन नाही, हाताशी माणूस नाही, त्या विधवेने, वृद्धाने, सालगड्याने काय करावे? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच या पद्धतीत शासनाचे काम कमी होत नाही; उलट अधिक नाजूक होते. भूमिहीनाला जागेचा हक्क देणे, असहायांची घरे गावाच्या देखरेखीखाली बांधवून घेणे, साहित्याचे भाव आवरणे, गवंड्यांचे प्रशिक्षण, अभियंत्यांची वेळेवर भेट, ही सर्व कामे शासनाचीच आहेत.

उद्याचा धक्का

हा विचार आज करण्याचे कारण जमिनीनेच दिले आहे. २०२४ मध्ये २१ मार्च आणि १० जुलै रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ परिमाणाचे धक्के बसले आणि ते नांदेड, परभणीपर्यंत जाणवले. सुदैवाने मोठी हानी झाली नाही. २००२ च्या नकाशात लातूरचा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला खरा, पण नकाशातील रंग बदलल्याने भिंतींची बांधणी बदलत नाही. मराठवाड्याच्या खेड्यांत आजही दगड-मातीची असंख्य माळवदे उभी आहेत आणि त्यांत बहुधा ज्यांना सिमेंटची खोली परवडली नाही, तेच राहतात.

शहरांनीही निश्चिंत राहू नये. २००१ मध्ये केंद्रबिंदूपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळून शेकडो लोक मेले. त्यांतील अनेक इमारतींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडून केवळ खांबांवर उभा होता. तो भूकंप किल्लारीच्या भूकंपापेक्षा कितीतरी मोठा होता, हे खरे. परंतु क्रांती चौकापासून किल्लारीचे सरळ अंतरही सुमारे तेवढेच आहे, आणि तशाच धर्तीच्या इमारती या चौकाच्या आसपास, जालना रस्त्यावर आणि शहराच्या नव्या वसाहतींत दाटीने उभ्या आहेत. त्यांची तपासणी करण्यास भूकंपाची वाट पाहावी लागत नाही.

करावयाच्या गोष्टी अवाढव्य नाहीत. घरकुलाच्या योजनांत जुन्या घराच्या बळकटीकरणालाही अनुदान मिळावे. आज नवे घर बांधणाऱ्यालाच काय ते पैसे मिळतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आणि तालुक्याच्या ठिकाणी गवंड्यांसाठी अल्पमुदतीचे वर्ग चालावेत आणि त्यांत शिकलेल्यांकडूनच शाळा, अंगणवाड्या व पंचायतींच्या इमारतींची कामे करून घ्यावीत. संवाद सहायकांची कल्पना एका आपत्तीपुरती न ठेवता बचतगटांच्या जाळ्यात कायमची बसवावी. शाळांच्या इमारती सर्वप्रथम तपासाव्यात. बावन्न पुनर्वसित गावांच्या पंचायतींना, त्यांच्या लांबलेल्या रस्त्यांच्या आणि वाहिन्यांच्या प्रमाणात, देखभालीचे वेगळे अनुदान द्यावे. आणि मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी या गावांचा पाहणी-अभ्यास दर काही वर्षांनी करावा. दूरच्या विद्यापीठांतील संशोधक येऊन त्यांवर प्रबंध लिहितात. येथील विद्यार्थ्याला मात्र किल्लारी केवळ सामान्यज्ञानाच्या प्रश्नात भेटते.

घर सुरक्षित झाले म्हणजे गाव वसले, असेही नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या प्रदेशात पावसाच्या लहरीवर पीक आणि पिकाच्या भावावर संसार अवलंबून आहे, तेथे भूकंपात न पडणारे घर दुष्काळात कुलूपबंद होऊ शकते. पुनर्वसनाची खरी कसोटी घरांच्या संख्येत नाही. त्या घरांत पुढची पिढी स्वखुशीने राहू शकते काय, तिला तेथे काम, पाणी आणि शाळा मिळते काय, यात आहे. १९९३ साली निराधार झालेली मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांच्या पिढीने आपल्या मुलांसाठी कोणते गाव निवडले, हे मोजले गेले तर किल्लारीचा हिशेब पुरा होईल. तो आकडा आज कोणत्याच कचेरीत मागितला जात नाही. तो मागणे हेही आंदोलनाइतकेच निकडीचे सार्वजनिक कार्य आहे.